चिंचोके 153
वेंगुर्ल्यात मी संडे स्कूल घेते. योहान 21, म्हणजे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय, शिकवायचा तर आधी बायबल उघडू नका. ‘रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने कोण परतलंय?’ एवढंच विचारा. रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीवर) जाणाऱ्यांची पोरं मग थांबत नाहीत. बोलू द्या, दहा मिनिटं गेली तरी. नंतर उतारा वाचा: शिष्यांना रात्रभर काही मिळत नाही, मग येशूच्या सांगण्यावरून टाकलेल्या जाळ्यात 153 मासे येतात. लहानांना मोजायला 153 चिंचोके द्या. (मी एकदा शिंपले दिले, वर्गभर वास!) आठवी-नववीवाल्यांना चिंचोके चालत नाहीत. त्यांना उताऱ्यातला कोळशाचा विस्तव शोधायला लावा. 18व्या अध्यायात शिष्य पेत्र येशूला नाकारतो तेव्हाही असाच विस्तव पेटलेला आहे. तिथे पेत्राने तीनदा नाकारलं, इथे येशूचा त्याला तीनदा प्रश्न: ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ इथे गप्प बसा. उत्तर सांगायची घाई मी बरीच वर्षं केली. पाठांतराला एकच वचन पुरे.