प्रभागातल्या निवडणुकीमागचा पैसा कसा तपासावा

महापालिकेची निवडणूक लागली की कट्ट्यावर हमखास निघते, ‘ह्याच्यामागे पैसा कोणाचा?’ उत्तर सगळ्यांना ठाऊक असते, कागद कोणाकडेच नसतो. तो असा जमवा.

आधी उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र वाचा. एकूण मालमत्तेचा आकडा चघळण्यापेक्षा कर्ज कोणाकडून घेतले, जोडीदाराच्या नावावर कुठली भागीदारी आहे, हे टिपून ठेवा. मागच्या खेपेचे प्रतिज्ञापत्र मिळाले तर शेजारी ठेवून ताडा.

मग पक्षाच्या देणग्या. इथे बरेच जण चुकतात. पालिका निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण पक्षाचा देणगी अहवाल भारत निवडणूक आयोगाकडे जातो. त्याच्या संकेतस्थळावर तो वर्षवार सापडेल. निवडणुकीच्या वर्षाचा अहवाल मतदान उरकल्यावरच येतो, म्हणून आधीची दोन-तीन वर्षे चाळा. नावे फक्त वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणाऱ्यांची असतात. त्याखालचा पैसा निनावी. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. देणगीदार म्हणून एखाद्या इलेक्टोरल ट्रस्टचे (इतरांकडून देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेचे) नाव दिसले तर त्या ट्रस्टला कोणी दिले, तो अहवाल वेगळा काढा. निवडणूक रोखे, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी देण्याचे बँकेचे रोखे, सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले; त्यांच्या याद्या त्याच मार्चमध्ये खुल्या झाल्या, त्याही पाहा.

आता प्रभागातल्या रस्ते-गटारांची कंत्राटे कोणाला मिळाली, ती यादी घ्या आणि नावे जुळवा. नाव जुळले म्हणून लाच सिद्ध होत नाही, एवढे भान ठेवा. कार्यादेशाची तारीख आणि देणगीची तारीख यांत किती अंतर आहे, ते बघा.

तरीही गल्लीतला बराचसा पैसा पक्षाच्या खात्यात येतच नाही. मंडप कोणीतरी घालतो, जेवणावळी दुसराच उठवतो. त्यासाठी डोळे उघडे ठेवायचे: प्रचार सुरू झाला की फ्लेक्स, गाड्या, सभा यांचे तारखेसह फोटो काढा. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो माहिती अधिकारात मागवा. तुमच्या फोटोंत चाळीस फ्लेक्स आणि हिशेबात सहाच असतील, तर चौकांची नावे, तारखा आणि फोटो जोडून निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. भाषण नको. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.