गिट रिपॉझिटरीत बिघडलेला डेटा शोधताना या चुका टाळा

पावसाळ्यात अंधेरी-साकीनाक्याकडच्या ऑफिसात वीज गेली की यूपीएस नसलेला डेस्कटॉप जागीच बंद पडतो. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल, नेमकं तेव्हाच कमिट (बदलांची नोंद) करत असेल तर पुढच्या वेळी एरर देतं: ऑब्जेक्ट फाइल (गिट डेटा साठवतं ती फाइल) रिकामी आहे. अशा वेळी घाईने काहीही डिलीट करू नका, गिट जीसी (नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणारी कमांड) तर मुळीच चालवू नका. आधी अख्खं फोल्डर, आतल्या लपलेल्या गिट फोल्डरसकट, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.

त्याच डिस्कवर क्लोन (रिपॉझिटरीची प्रत) मारून बॅकअप झाला असं समजणं सगळ्यात महागात पडतं. लोकल क्लोन करताना गिट ऑब्जेक्ट फाइल्स शक्यतो हार्डलिंक करतं, म्हणजे नवी प्रत न करता डिस्कवरच्या त्याच फाइलला दुसरं नाव देतं. मूळ फाइल बिघडली की क्लोनमधलीही गेली.

आता रिकामी फाइल बाजूला हलवून गिट एफएससीके (सगळे ऑब्जेक्ट तपासणारी कमांड) चालवा. 'डँगलिंग' (कुठूनही न जोडलेला ऑब्जेक्ट) दिसलं म्हणून घाबरू नका. अमेंड, रीबेस करून जुने कमिट बदलल्यावर असे ऑब्जेक्ट उरतातच, आणि हरवलेलं काम बऱ्याचदा त्यांच्यातच सापडतं. जीसी नको म्हटलं ते यासाठीच: कुठूनही न जोडलेले, २ आठवड्यांहून जुने ऑब्जेक्ट ते साफ करतं.

खरा बिघाड 'मिसिंग ब्लॉब' (ब्लॉब म्हणजे एका फाइलचा मजकूर) आणि 'ब्रोकन लिंक' या ओळींत असतो. ब्रोकन लिंकच्या ओळीत ट्री (फोल्डरमधल्या फाइल्सची यादी) दिलेला असतो. त्यावर गिट एलएस-ट्री चालवा आणि हरवलेल्या ब्लॉबचा ४० अक्षरी हॅश (मजकुरावरून निघणारी ओळख) शोधा. शेजारीच फाइलचं नाव मिळेल. टीममध्ये कुणाकडे ती फाइल आहे का विचारा. मिळाली की गिट हॅश-ऑब्जेक्टने तिचा हॅश काढा. तोच आला तर -डब्ल्यू लावून लिहा, ब्लॉब परत आला. एक स्पेस जास्त असली तरी हॅश जुळणार नाही, त्यामुळे 'साधारण तीच' फाइल चालत नाही.

कधी हॅश बरोबर असतो, पण आतला मजकूरच चुकीचा: जुन्या टूलने कमिटमध्ये तारखेआधीची स्पेस गाळलेली, किंवा ट्रीमध्ये फाइल मोडच्या आकड्याआधी शून्य लावलेलं. इथे डिस्क बदलून उपयोग नाही. तो कमिट दुरुस्त केला तर त्याच्यावर उभ्या असलेल्या सगळ्या कमिटचे हॅश बदलतात आणि अख्ख्या टीमला नव्याने क्लोन करावं लागतं. माझ्या मते जुन्या, निरुपद्रवी चुकांसाठी हा खटाटोप करू नये. त्यांचे हॅश एफएससीके.स्किपलिस्टमध्ये (तपासणीत वगळायच्या हॅशच्या यादीत) टाका. मात्र सर्व्हर तुमच्या हातात असेल तर ट्रान्सफर.एफएससीकेऑब्जेक्ट्स (येणारे ऑब्जेक्ट तपासायची सेटिंग) आजच चालू करा. मुळात ते बंद असतं, म्हणून असे कमिट पुश होताना (सर्व्हरवर जाताना) कुणीच अडवत नाही.