पाळीच्या आधी पोट डब्ब होतं? आधी बघा, पाणी आहे की गॅस

पाळी जवळ आली की पोट गच्च, जीन्सचं बटण लागत नाही, काट्यावर किलोभर जास्त दिसतं आणि आपण लगेच रात्रीचं जेवण बंद करतो. नका करू, ती चरबी नाहीये.

होतं काय, तर पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी ओव्ह्युलेशन होतं, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडतं, मग प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन वाढतं, त्याने आतड्याचे स्नायू सैल पडतात, अन्न रेंगाळतं, शौचाला साफ होत नाही आणि गॅस धरतो. शिवाय हॉर्मोन्सच्या चढउतारात शरीर मीठ आणि पाणीही धरून ठेवतं. बऱ्याच जणींना पाळीच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त फुगल्यासारखं वाटतं, काहींना तेव्हाच जुलाबही होतात, तो प्रोस्टाग्लँडिन्सचा, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावायला लावणाऱ्या रसायनांचा प्रताप.

दोन-तीन महिने फोनमध्ये तारीख टाकून लिहा कधी फुगतं, कधी उतरतं. आणि बोटातली अंगठी घट्ट होते, सॉक्सचे वळ उठतात, छाती जड वाटते तर पाणी. ढेकर, गुडगुड, पोट ढोलासारखं ताणलेलं तर गॅस. दोन्ही एकदमही असू शकतं म्हणा.

पाणी असेल तर मीठ कमी करा, पाणी पिणं कमी करू नका. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे अख्ख्या दिवसाचा जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, मॅगीचा मसाला सगळं धरायचं! भाजी-आमटीतलं मीठही त्यातच आलं. पाणी काढायच्या गोळ्या मेडिकलमधून मनाने आणू नका.

गॅस असेल तर तो आठवडा राजमा-छोले जरा बाजूला, मूगडाळ-भात बरा, सोडा नको, जेवून लगेच आडवं न होता १०-१५ मिनिटं चाला. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्यासोबतच, नाहीतर अजून अडकतं. ओवा चावून मला बरं वाटतं, तुम्हालाही वाटेलच असं नाही.

पाळी संपूनही पोट उतरत नसेल, रोजच फुगत असेल, दोन घासांत पोट भरत असेल किंवा वजन घटत असेल तर डॉक्टरला दाखवाच, पन्नाशीनंतर तर टाळूच नका, अंडाशय तपासून घ्यावं लागतं. आणि पाळीच चुकली असेल तर ओवा राहू दे, आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा.