बर्फासाठी पांढरी ट्यूब उघडलीत? मग आधी हे वाचा

मनालीहून परतलेली मंडळी फोनमधला फोटो समोर ठेवतात आणि सगळ्यात आधी पांढरी ट्यूब पिळतात. अहो, जलरंगात बर्फ म्हणजे कोरा कागद. तो राखायचा असतो. पांढरा रंग वाळला की खडूसारखा दिसतो, निळ्यात मिसळला तर सावली पिठूळ होते. माझ्याकडे पांढरं गुवाश (अपारदर्शक जलरंग) आहे, पण ते अगदी शेवटी, टूथब्रशने चार ठिपके उडवण्यापुरतं.

सावलीत काळा रंग नको. उन्हातल्या बर्फावरच्या सावलीत निळ्या आकाशाचा उजेड असतो, म्हणून ती निळी दिसते. मी कोबाल्ट ब्लू घेते. दिवस ढगाळ असेल तर अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना. वाळल्यावर रंग फिका होतो, तेव्हा हात जरा सैल सोडा.

आता मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद कोरा राखायला लावायचं आणि नंतर ओढून काढायचं पातळ रबर. देवदाराच्या फांद्यांवरचा बर्फ राखायला मी ते हौसेने लावलं होतं. पुण्यातला ऑगस्ट, बाहेर रिपरिप, वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, काही केल्या वाळेना. मी हेअर ड्रायर धरला. ते रबर तापून कागदात असं बसलं, की ओढताना कागदाची सालंच निघाली. तीन देवदार गेले. फ्लुइड लावलेला चांगला सेबल ब्रशही मुळाशी चिकटून कायमचा कडक झाला. लावायचंच असेल तर जुना ब्रश साबणात बुडवून घ्या, कागद आपोआप वाळू द्या आणि फ्लुइड त्याच दिवशी काढा. मी मात्र आता फांदीची खालची गडद बाजू तेवढी रंगवते, वरचा बर्फ आपसूक उरतो. वेळ लागतो. लागू दे. ज्यांना वीस मिनिटांत हिमालय हवाय, त्यांनी फोटो फ्रेम करावा.

मीठ: हिमकणांसारखे ठिपके हवे असतील तर, ओल्या रंगाची चमक उतरू लागली की चिमूटभर. आधी टाकलं तर विरघळतं, उशिरा टाकलं तर नुसतं झटकायचं काम.

कागद जाड, ३०० जीएसएमचा, कॉटनचा. यात काटकसर नको.

अर्धवट वाळलेल्या आकाशात ओला ब्रश परत घातलात तर फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे डाग उमटणारच.

आणि प्रत्यक्ष बर्फात बसणार असाल तर ऐका: मनालीजवळच्या सोलंगला जानेवारीत माझा वॉश कागदावरच गोठला. काय सुंदर पिसांची नक्षी! खोलीवर आणली, वितळली, सगळं आकाश गादीवर. पाणी गोठू नये म्हणून काही चित्रकार त्यात व्होडका घालतात म्हणे. मी पेन्सिलीने आखते आणि रंगवायला चहाच्या टपरीत शेगडीजवळ जाऊन बसते.