डेंटल हायजीनच्या विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित असते

बारावी विज्ञाननंतर डेंटल हायजीनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा का, असे बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडील पालक मला अधूनमधून विचारतात. हे दवाखान्यातील मदतनिसाचे काम आहे, असा त्यांपैकी बहुतेकांचा समज असतो. तसे ते नाही. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टने हायजीनिस्टची स्वतंत्र व्याख्या केली असून दातांवरील कीटण काढणे, दात स्वच्छ व गुळगुळीत करणे आणि त्यांच्या निगेविषयी मार्गदर्शन करणे ही कामे तीत येतात. निदान करणे, दात काढणे किंवा भरणे तीत बसत नाही आणि ही मर्यादा विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून सांभाळावी लागते.

हाताच्या कौशल्याची नव्या मुलांना सर्वांत जास्त धास्ती असते, ती बरीचशी अनाठायी आहे. स्केलर, म्हणजे कीटण काढण्याचे हत्यार, अंगठा व तर्जनीत धरून मधल्या बोटाचा आधार द्यायचा, अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची आणि नुसत्या बोटांनी न खरवडता मनगटासह कोपरापुढचा हात एकत्र फिरवायचा, हे सरावाने जमते. अनामिकेचा टेका सुटला की हत्यार हिरडीत किंवा गालात शिरते, म्हणून आधी कृत्रिम जबड्यावर हाच टेका पुन्हापुन्हा घटवून घेतात. जवळची नजर कमजोर असेल तर प्रवेशाआधी डोळे तपासून घ्यावेत. मान-पाठीचे दुखणे जुने असेल तर तासन्‌तास स्टुलावर बसण्याच्या या कामाचा नीट विचार करावा.

खरी जबाबदारी हत्यार तोंडात जाण्याआधीच सुरू होते. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, बदललेली हृदयाची झडप, पेसमेकर, गरोदरपण हे सर्व विचारून केसपेपरवर लिहायचे असते. आपल्याकडचा रुग्ण गोळीचे नाव सांगत नाही, 'ती बारकी पांढरी, रात्रीची' एवढेच सांगतो. अशा वेळी पिशवीतली पाकिटे काढायला लावून स्वतः वाचावीत. शिवाय नुसत्या मराठीवर भागत नाही. बैलहोंगल किंवा गोकाकहून आलेल्या आजोबांना कन्नडमध्ये 'बायी तेगीरी' (तोंड उघडा), 'नोव ऐतेन्री' (दुखतंय का) एवढे तरी म्हणता आले पाहिजे, कारण दुखते आहे हे सांगण्याची सोय नसलेला माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. सीमावाद खुर्चीजवळ आणू नये.

निपाणी परिसर तंबाखूच्या पिकाचा. मिसरी लावणाऱ्या बायका आणि गालात तंबाखूचा बार धरणारे पुरुष या पट्ट्यात रोज दिसतात, त्यामुळे केवळ दात पाहून चालत नाही. खानापूर तालुक्यातील एक आजी दात साफ करून घ्यायला आल्या होत्या. शिकाऊ मुलीने आरशाने गाल बाजूला सारला, तेव्हा मिसरी धरण्याच्या जागी पांढरा चट्टा दिसला, आणि गॉजने पुसूनही तो जाईना. तिने काम थांबवून चट्ट्याची जागा व आकार कागदावर लिहिला आणि डॉक्टरांना बोलावले. 'काय झालंय गं?' असे आजींनी विचारल्यावर 'डॉक्टर बघून सांगतील, आजी' एवढेच ती म्हणाली. आपली कर्करोगाची शंका रुग्णासमोर बोलून दाखवायची नाही आणि गिळूनही टाकायची नाही, हे तिला दुसऱ्या वर्षातच साधले होते. अनेकांना नोकरी लागल्यावरही साधत नाही.

स्केलिंगने, म्हणजे कीटण काढल्याने, दात सैल होतात, हा समज गावोगाव आहे. कीटणाने बुजलेल्या फटी मोकळ्या झाल्यावर जिभेला जाणवतात आणि काही दिवस थंड पाणी झोंबते, त्यातून तो टिकून राहतो. काम सुरू करण्यापूर्वीच हे समजावून सांगावे. नंतर सांगितलेले कारण सबब वाटते.

निर्जंतुकीकरणाचे काम कंटाळवाणे असते आणि टाळाटाळ तिथेच होते. हत्यारे घासून धुऊन, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि टोकदार वस्तू पांढऱ्या डब्यात जातात. हेपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा साधारणपणे पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी घ्याव्या लागतात, त्यामुळे रुग्ण हाताळण्याची वेळ येईपर्यंत न थांबता प्रवेश निश्चित होताच पहिली मात्रा घ्यावी आणि तिची नोंद जपून ठेवावी.