जिप्सीच्या अ‍ॅक्सलमध्ये लिमिटेड स्लिप बसवताना

कोल्हापूरजवळच्या वडणग्यातल्या आमच्या शेडमध्ये पाईपच्या सांगाड्यावर बांधलेली दोन सीटची गाडी उभी आहे. मागचा अ‍ॅक्सल मारुती जिप्सीचा. ही गाडी रस्त्यावर जात नाही. गाडीत मनाजोगे बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने बंधनं आहेत आणि घरी बांधलेल्या गाडीचं पासिंग हा वेगळाच विषय आहे. ऊस निघाला की मोकळ्या रानात खांब रोवायचे आणि वेळ लावून चालवायची, एवढंच तिचं काम.

वळणातून बाहेर पडताना आतलं चाक जागेवरच फिरायचं. साधं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. त्यामुळे कमी पकड असलेलं चाक जेवढा जोर पेलेल, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. लिमिटेड स्लिप म्हणजे एक चाक मोकळं फिरू लागलं तरी दुसऱ्याला जास्त जोर देणारं डिफरन्शियल. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला तिरप्या गिअरचा. त्याला खास तेल लागत नाही, झीजही कमी. पण तो कमी पकडीच्या चाकावरचा जोर ठरावीक पटीत वाढवून दुसऱ्याला देतो, म्हणजे एक चाक हवेत गेलं की शून्याची पट शून्यच. माझी गाडी हलकी, मागचे पाटे कडक, आणि उसाच्या सरीवर आतलं चाक उचलतंच. म्हणून मी दुसरा, प्लेटवाला प्रकार घेतला. त्याच्या प्लेटा स्प्रिंगने आधीच दाबलेल्या असतात, त्यामुळे चाक उचललं तरी थोडा जोर पलीकडे जातो.

पैसे देण्याआधी चार मापं घ्या: हाफ शाफ्टवरच्या (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावरच्या) खाचा, क्राऊन (डिफरन्शियलवरचं मोठं दातेरी चाक) बसतो त्या खांद्याचा व्यास, क्राऊनच्या बोल्टचा आटा आणि साइड बेअरिंगचं आतलं माप. खाचा मोजताना एकीवर खडूची खूण करा, नाहीतर एक हमखास जास्त मोजली जाते. माझी नोकरी गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये तपासणीची, दिवसभर बोअर गेज हातात. तरी मी चारही मापं दोनदा घेतली.

गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना उटी (अडवणारे ठोकळे) लावा, मागचा भाग स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. तेल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतोय का ते बघा. तो गंजून अडकला असेल आणि खालचा आधीच उघडलात, तर रिकामा अ‍ॅक्सल घेऊन बसाल. माझा अ‍ॅक्सल २०१९ च्या महापुरात पाण्याखाली राहिलेल्या जिप्सीचा. प्लग उघडल्यावर दूध घातलेल्या कॉफीसारखं तेल आलं, आणि साइड बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे टिपके होते. असं दिसलं तर बेअरिंग आणि सील नवीनच घाला. काढलेलं तेल डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या. गटारात ओतलेलं पंचगंगेत जातं, आणि तेच पाणी आपल्या रानाला येतं.

ड्रम काढा, ब्रेक पाईप सोडून त्याचं तोंड बंद करा, ब्रेकच्या मागच्या प्लेटचे नट काढा आणि हाफ शाफ्ट बाहेर ओढा. पूर्ण काढायची गरज नाही, खाचा डिफरन्शियलमधून सुटल्या की पुरे. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करून तो सोडा. जिप्सीत क्राऊन, पिनियन (क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) आणि डिफरन्शियल असा पूर्ण गोळा समोरून बाहेर येतो. घरी काम करणाऱ्याला याच्याइतकी सोय दुसरी नाही, कारण पुढचं सगळं टेबलावर होतं. गोळा जड असतो, खाली माणूस किंवा ट्रॉली जॅक हवा.

आता लगेच पाना लावू नका. आहे त्या स्थितीत क्राऊनच्या दातावर डायल गेज (अगदी बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) टेकवा आणि पिनियन घट्ट धरून क्राऊन हलवून बघा. चार ठिकाणी जो प्ले (दातांमधली मोकळीक) मिळेल तो लिहून ठेवा. दातांना निळा रंग लावून फिरवा, ठशाचा फोटो घ्या. पिनियनला आपण हात लावणार नाही, म्हणून शेवटी ठसा याच फोटोसारखा यायला हवा. मग बेअरिंगच्या टोप्यांवर पंच मारा: डावीला एक ठिपका, उजवीला दोन. टोप्या हाउसिंगवर बसवूनच बोअर केलेल्या असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही.

क्राऊनचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे सैल करा आणि पितळी दांड्याने भोवताली हलकं ठोकत तो उतरवा. नवीन बेअरिंग मी शिवाजी उद्यमनगरात प्रेसवर बसवून घेतली, जोर फक्त आतल्या रिंगवर. तिथल्या मिस्त्री मामांनी क्राऊन हातात घेऊन सांगितलं, "ताई, ह्यो तापवून घाला, हाणू नका. हाणला की बसल्यागत वाटतंय, पण बसलेला नसतोय."

म्हणून क्राऊन केकच्या ओव्हनमध्ये ९० अंशावर अर्धा तास ठेवला. गॅसच्या ज्योतीवर तापवू नका, एका बाजूला जास्त तापून दातांचा कडकपणा जाऊ शकतो. जाड हातमोजे घालून तो नवीन लिमिटेड स्लिपच्या केसच्या (बाहेरच्या कवचाच्या) खांद्यावर ठेवला आणि सरळ आत उतरला. आटे आधी धुऊन कोरडे करा, नवीन बोल्टना लाल लॉकटाइट लावा, आणि समोरासमोरचे तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळा. आकडा तुमच्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलमधला घ्या, दुसऱ्या गाडीचा नको.

गोळा जोडून क्राऊनच्या पाठीवर डायल लावला, तर एका फेरीत काटा ०.१२ मिमी हलला. मला ०.०५ च्या आत हवा होता. पुन्हा आवळून बघितलं, तेवढाच. सगळं परत उतरवलं. नवीन केसच्या खांद्यावर बोल्टच्या भोकाच्या काठाला बर (धातूचा उरलेला कंगोरा) होता, डोळ्यांना न दिसणारा, नखाला लागणारा. तेलदगडाने तो काढला, पुसला, क्राऊन परत तापवून बसवला. काटा ०.०३ वर आला. हा बर तसाच राहिला असता तर प्ले एकीकडे घट्ट आणि समोर सैल राहिला असता, आणि कितीही वेळा बेअरिंगला बाजूने दाबणारे आट्याचे अ‍ॅडजस्टर फिरवले तरी तो जुळला नसता. या कामात तुमचा अख्खा दिवस इथे गेला तरी जाऊ द्या.

यानंतर प्ले. दोन्ही अ‍ॅडजस्टर ढिलाई जाईपर्यंत आवळा. मग एक जेवढ्या खाचा सोडाल, तेवढ्याच दुसऱ्या बाजूने आवळा, म्हणजे बेअरिंगवरचा दाब तसाच राहून क्राऊन फक्त सरकतो. प्ले जास्त असेल तर क्राऊन पिनियनकडे न्या. मी ०.१३ मिमीवर थांबले. निळ्याचा ठसा दाताच्या आतल्या टोकाकडे गेला तर क्राऊन पिनियनच्या फार जवळ आहे, बाहेरच्या टोकाकडे गेला तर लांब. ठसा शेंड्याला किंवा बुडाशी येत असेल तर दोष पिनियनच्या खोलीत आहे, अ‍ॅडजस्टर फिरवून तो जाणार नाही.

प्लेटा काम सुरू करण्याच्या आदल्या रात्रीच लिमिटेड स्लिपच्या तेलात बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वळणात एकमेकींना चरे पाडतील. मग गोळा, प्रोपेलर शाफ्ट, हाफ शाफ्ट आणि ब्रेक उलट क्रमाने परत जोडा. अ‍ॅक्सलमध्ये जीएल-५ दर्जाचं, लिमिटेड स्लिपसाठी असं डब्यावर छापलेलं तेल भरा, भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत. अ‍ॅक्सलच्या श्वासाच्या नळीत फुंकून बघा. ती तुंबली तर गरम तेल सीलमधून बाहेर पडतं. मी तिला रबरी नळी जोडून सीटच्या उंचीपर्यंत वर नेली.

ब्रेकची हवा काढून झाली की एक मागचं चाक जमिनीवर, एक वर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढे उटी, अशा स्थितीत वरचं चाक फिरवा. चाकाच्या बोल्टवर एक पट्टी बसवली, तिच्या मधोमध नट वेल्ड केला आणि त्यावर टॉर्क रेंच लावला. चाक फिरायला लागतं तो आकडा वहीत लिहा. वर्षभराने तो बराच उतरलेला दिसला तर प्लेटा झिजल्या. मात्र असं एक चाक वर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका. आता जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो, गाडी जॅकवरून उडी मारून समोरच्या माणसावर जाईल. जुन्या सवयीने हीच चूक होते, म्हणून घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

रानात पहिल्या दिवशी हळू इंग्रजी आठचा आकडा काढत पंधरा फेऱ्या मारल्या. सुरुवातीला वळणात मागून गुरगुर यायची, दहाव्या फेरीपर्यंत ती कमी झाली. सरळ जाताना एकसारखी शिट्टी ऐकू आली तर थांबा आणि ठसा परत तपासा. संध्याकाळी तेल बदललं. प्लगच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट होती. दोन बोटांत चोळून बघितली, एकही कण टोचला नाही. प्लग पुसून परत लावला आणि ताजं तेल भरलं.