नागपुरात ब्रेस्ट कॅन्सर रिसर्चसाठी लांब चालायचं असेल तर

मागच्या वर्षी मावशीची केमो संपली आणि मी ठरवलं की घरापासून कोराडीच्या देवीपर्यंत जाऊन-येऊन २८ किलोमीटर चालायचं अन् दर किलोमीटरमागे लोकांकडून पैसे घेऊन ते रिसर्चला द्यायचे. नवरात्रात अर्धं नागपूर अनवाणी कोराडीला जाते, त्यामुळे चालणं कोणाला नवीन नाही, पण पैसे मागणं मात्र नवीन आहे, आणि खरं सांगू तर तेच जास्त अवघड आहे.

तर पहिले पैशाचंच. चालायच्या आधी संस्था पक्की करा. नागपुरात मानेवाडा रोडचं तुकडोजी हॉस्पिटल आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मुंबईचं टाटा मेमोरियल तर सगळ्यांना माहीतच आहे. फोन करून सरळ विचारा की दिलेला पैसा रिसर्चला जाईल की पेशंटच्या उपचाराला, दोन्ही चांगलंच पण लोकांना तुम्ही जे सांगणार तेच व्हायला पाहिजे. अन् पैसे स्वतःच्या यूपीआयवर अजिबात घेऊ नका, लोकांना डायरेक्ट संस्थेच्या खात्यात टाकायला सांगा, टॅक्स सुटीची (८०जी ची) पावती त्यांच्याच नावाने येते. रोख २००० च्या वर दिली तर टॅक्सची सूट मिळत नाही, अन् नवीन टॅक्स रिजीमवाल्यांना तर तशीही नाही, हे आधीच सांगून टाका म्हणजे नंतर कटकट नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला की नुसते हात जोडल्याचे इमोजी येतात. एकेकाला गाठा. मी आमच्या किराणावाल्या काकांकडे गेली तर ते म्हणाले, "तू चालल्यानं कॅन्सर बरा होते का बाई?" मी म्हटलं, काका, टाटाच्या डॉ. बडवेंच्या टीमनं १६०० बायकांवर अभ्यास केला, ऑपरेशनच्या आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं, तेच दात काढताना बधिर करायला देतात ते. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९० वर गेलं. औषध शंभर रुपयांच्या आतलं, मग कोणती कंपनी त्याच्या अभ्यासावर पैसे लावणार? काका थोडा वेळ तराजूकडे पाहात राहिले, मग वहीत लिहिलं, २० रुपये किलोमीटर. असं एक उदाहरण खिशात ठेवाच.

आता पाय. १० ते १२ आठवडे लागतात. मी फुटाळ्यापासून सुरू केलं, मग सेमिनरी हिल्सचा चढ, आठवड्यात तीन दिवस ५-६ किलोमीटर आणि रविवारी एक लांब, तो दर वेळी २ किलोमीटरनं वाढवायचा. शेवटी शेवटी शनिवार-रविवार लागोपाठ चाला, दुखत्या पायांनी चालायची सवय तिथंच होते.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि अर्धा नंबर मोठा. मी हुशारी करून नवे कोरे बूट घालून सरावाला निघाली अन् मानकापूर चौकात टाचेला रुपयाएवढा फोड, चप्पल नाही, बँडेज नाही, ऑटो करून घरी. तेव्हापासून सुती मोजे बंद, ते घामानं ओले होऊन घासतात. सिंथेटिक घ्या, बोटांच्या मधे अन् टाचेला व्हॅसलीन, आणि कुठं चरचरायला लागलं की तिथंच थांबून टेप लावा, "पुढच्या चौकात पाहू" म्हटलं की फोड आलाच समजा.

ऑक्टोबर हा ब्रेस्ट कॅन्सर जागृतीचा महिना असला तरी आपल्याकडे ऑक्टोबर हिट, दुपारी उन्हात मरायचं नाही. मी डिसेंबरमधे केलं, पहाटे पाचला निघाली तेव्हा तोंडातून वाफ, दहापर्यंत जॅकेट कमरेला. नुसतं पाणी ढोसू नका, सोबत ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू, मधे एखादं संत्र. तर्री-पोहे परत आल्यावर, आधी खाल्ले तर रस्त्यातच आठवण करून देतात. पन्नासेक लोक घेऊन निघणार असाल तर पोलीस स्टेशनला आधी अर्ज द्या, चार-पाच जणी असाल तर रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारा ट्रक दिसेल असं चाला.

मला सहा तास लागले. चालणं झालं की दोन दिवसात वसुली उरका, फोटो अन् फोनमधला नकाशा पाठवा, आठवडा गेला की लोक विसरतात. काकांनी नकाशा चष्मा लावून पाहिला आणि २५ किलोमीटरचेच पाचशे टाकले. म्हणे, "तीन किलोमीटर तर तू गल्ली चुकली असशील."